मामांचं जेवण होईपर्यंत

पाद्री अमोआ प्रवचनाला उभे राहण्याआधी अकुआ उठली, बाकांमधल्या वाटेने पुढे गेली आणि मामांचा फोन उघड्या बायबलशेजारी ठेवून आली. कुमासी शहरातल्या क्वादासो वस्तीच्या त्या चर्चमध्ये नाताळपासून दर रविवारी हे होत होतं, त्यामुळे आता कुणी मान वळवून पाहत नव्हतं. पहिल्या रविवारी मात्र ही बाई आपलं प्रवचन टेप करून वरच्या कचेरीत पाठवणार, असा पाद्रींचा समज झाला होता आणि त्या दिवशी ते फार जपून बोलले होते.

फोनचं कारण तिसऱ्या बाकावर बसलेलं असे. क्वाबेना डार्को यांनी उभं आयुष्य मक्याची गिरणी चालवली. गिरणीने त्यांना घर बांधून दिलं, मुलीला शिकवलं आणि जाताना कान नेले. नाताळात त्यांची मुलगी सेर्वा जर्मनीहून आली ती शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं घेऊन. कानामागे ती बसवायची, फोनशी जोडायची. मग फोनमधलं कानाचं चित्र दाबलं, की फोन जिथे असेल तिथला आवाज थेट मामांच्या कानात येई. फोन व्यासपीठावर ठेवला तर प्रवचन, टीव्हीपाशी ठेवला तर बातम्या. सेर्वाने सगळं लावून दिलं, अकुआला शिकवलं आणि ती परत गेली. यंत्राची भाषा बदलायची तेवढी राहिली. रोज सकाळी यंत्र सुरू झालं, की एक जर्मन बाई डार्को यांच्या कानात काहीतरी सांगे. ते तिला "तुम्ही कशा आहात?" असं विचारत. उत्तर येत नसे, पण विचारायचं कसं सोडणार?

अकुआ ही त्यांच्या थोरल्या बहिणीची, आफियाची मुलगी. आमच्याकडे भाचीचं खरं घर मामाचंच, त्यामुळे अकुआ इथे राहते यात कुणाला नवल नव्हतं. आफिया मात्र एफिदुआसेचं गाव सोडायला तयार नव्हती. तिला ही यंत्रं मुळीच आवडली नव्हती. इतकी वर्षं भावाच्या देखत भावाविषयी मोकळेपणी बोलता येत होतं, ती सोय गेली असं ती म्हणे. फोनवर ती पूर्वीइतकीच ओरडून बोलायची. गुरुवारी तिचा फोन आला तेव्हा डार्को म्हणाले होते, "अगं हळू, मी आता बहिरा नाही." ती म्हणाली, "तुझं काय सांगावं," आणि तिने फोन ठेवला होता.

प्रवचन संपलं. गाणारी मंडळी उभी राहिली. बाजूच्या दारातून चर्चचा शिपाई हातवारे करून पाद्रींना बोलावत होता, म्हणून त्यांनी घाईघाईने बायबल, चष्मा, रुमाल आणि डार्को यांचा फोन असं सगळं एकत्र गोळा केलं, झग्याच्या खिशात कोंबलं आणि ते मागच्या खोलीत गेले.

डार्को यांच्या कानात आधी वाळलेल्या पाल्यातून कुणी चालत जावं तसा आवाज झाला. तो झग्याचा होता. मग दार लागलं, आणि ओसेइचा आवाज आला. ओसेइ हा त्यांच्या कुळातलाच, एफिदुआसे ते कुमासी प्रवासी गाडी चालवणारा. तो चर्चला कधीच येत नसे.

"काल संध्याकाळी गेली, पाद्रीसाहेब," ओसेइ सांगत होता. "अंगणात शेंगा फोडत बसली होती. शेजारीण म्हणाली, आफियाबाई, झोपलात का? तर झोपली नव्हती."

"हळू बोल."

"बाहेर एवढी गाणी चाललीत. कोण ऐकतंय?"

डार्को यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळे गात होते. डावीकडची बाई टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं, हे यंत्र कुठल्या तरी दुसऱ्याच खोलीचं, दुसऱ्याच कुणाच्या बहिणीचं बोलणं पकडतंय. सेर्वाने सांगितलं होतं, कधी कधी शेजारचं उपकरण जोडलं जातं. मग दार पुन्हा वाजलं.

"मला बोलावलं?" हा अकुआचा आवाज होता.

"अकुआ, तुझी आई गेली," ओसेइ म्हणाला.

"अरे, असं सांगतात का कुणाला?" पाद्री म्हणाले. "आधी बसायला सांगावं. पाणी द्यावं."

"लहान माणसाला पाणी कशाला? पाणी मामांना. ते थोरले."

त्यानंतर अकुआच्या घशातून जो आवाज आला तो डार्को यांनी पूर्वी कधी ऐकला नव्हता. तो मोठा नव्हता. पण यंत्राने तो जसाच्या तसा त्यांच्या कानात आणून ठेवला, आणि वर पाद्रींचं बोलणंही आणलं.

"रडू नकोस बाई. आत्ता नाही. तुझे मामा बाहेर बसलेत. त्यांना हे असं इकडून तिकडून कळलेलं चालणार नाही. नाना बेडियाको निघालेत ना गावाहून?"

"दुपारी पोचतील," ओसेइ म्हणाला. "कुळाचे वडील आल्याशिवाय सांगायचं नाही, असा निरोप आहे. आणि मामा जेवल्याशिवायही नाही. सकाळी काय खाल्लंय त्यांनी?"

"नुसती पेज," अकुआ म्हणाली.

"बघा. एकदा कळलं की माणूस चार दिवस अन्नाला शिवणार नाही. उपाशीपोटी सांगितलं तर आपल्याला एकाऐवजी दोघांना पुरावं लागेल. आधी जेवण, मग नाना, मग बातमी."

"तोंड पूस," पाद्री म्हणाले. "आणि नेहमीसारखी जाऊन उभी राहा."

ती नेहमी उभी राहत असे ती अर्पणाच्या पेटीपाशी. आमच्या चर्चमध्ये अर्पण जन्मवारानुसार घेतात. सोमवारी जन्मलेले आधी, मग मंगळवारवाले, मग बुधवारवाले, अशी एकेका वाराची माणसं नाचत पुढे येतात आणि कुठला वार जड भरला यावरून वर्षभर टोमणे चालतात. क्वाबेना हे नावच मंगळवारी जन्मलेल्याचं. मंगळवारवाल्यांचे म्होरके डार्को होते. पांढरा रुमाल डोक्यावर फिरवत सगळ्यांत पुढे त्यांनी यायचं असा रिवाज पडून गेला होता, आणि त्यांच्या नाचामुळेच मंगळवार जड भरतो अशी बाकीच्या वारांची तक्रार होती.

"मंगळवार," पुढून पुकारा झाला.

डार्को बसून राहिले. शेजारच्याने कोपर मारलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "म्होरक्या, आज काय पाय भाड्याने दिलेत?" लोक वळून पाहू लागले. बसून राहिलं, तर काय झालं म्हणून विचारणार. विचारलं तर सांगावं लागणार. सांगितलं तर कसं कळलं म्हणून विचारणार. म्हणजे मागच्या खोलीत पाद्री आणि भाची आपल्याच भल्यासाठी गुपचूप बोलत होते, ते आपण बाकावर बसून ऐकलं. डार्को यांनी हे सगळं मनाशी मांडेपर्यंत त्यांचे पाय सवयीने उठले होते.

ते नाचले. रुमाल फिरवला. पेटीपाशी अकुआ उभी होती, तोंड धुतलेलं, कपाळावर पाणी तसंच. रिवाजाप्रमाणे त्यांनी तिच्या डोक्यावरून रुमाल ओवाळला. रिवाजाप्रमाणे ती हसली. तेही हसले. मंगळवार जड भरला.

जागेवर येऊन बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आता परत फिरता येणार नाही. आपल्याला ठाऊक होतं हे आता कबूल केलं, तर बहीण गेल्याचं ऐकून जो चर्चमध्ये नाचला तो क्वाबेना डार्को, अशी ओळख मागे राहील. त्यांच्या नातवंडांनाही त्याच नावाने ओळखतील.

पाद्रींनी फोन अकुआला परत केला. "चुकून माझ्याबरोबर आला," ते म्हणाले. तिने तो घेतला तेव्हा तो थरथरत होता, एकामागून एक निरोप येत होते. गावातल्या कुणीतरी आफियाचा शोकाच्या काळ्या-लाल चौकटीतला फोटो सकाळीच सगळ्यांना पाठवून दिला होता. आता हा फोन मामांच्या हाती पडला तर कुळाचे वडील, जेवण, पाणी, सगळं राहिलं बाजूला. अकुआने चर्चच्या पायरीवर बसून कानातल्या डुलाच्या टोकाने फोनचं सिम काढलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. घरी गेल्यावर फोन एप्रनच्या पुढच्या खिशात ठेवला.

"मामा, तुमचा फोन तापलाय," ती म्हणाली. "जरा निवू दे. मी ठेवते."

"ठेव," डार्को म्हणाले.

सिम काढलं की फोन मुका होतो, असा तिचा हिशेब होता, आणि तो बरोबरच होता. फक्त कानाचं चित्र सकाळपासून दाबलेलं होतं ते दाबलेलंच राहिलं होतं. मामांना काही कळू नये म्हणून काढून घेतलेला फोन एप्रनच्या खिशात बसून, ती जाईल तिथलं सगळं मामांना कळवू लागला.

डार्को ओट्यावर त्यांच्या खुर्चीत बसले. अंगणापलीकडे स्वयंपाकघर होतं. अकुआने फुफु आणलं, कसावाचा कंद आणि कच्ची केळी कुटून केलेला गुळगुळीत गोळा, भोवती टोमॅटोचं पातळ सूप, त्यात कोंबडी.

"मामा, जेवून घ्या."

"भूक नाही गं."

"थोडंसं."

"मग बघू."

"कोंबडीची मान ठेवलीय तुमच्यासाठी."

डार्को यांनी हात धुतले, गोळ्याचा एक घास मोडला आणि सुपात बुडवला. फुफु चावायचं नसतं, नुसतं गिळायचं. गिळण्यासाठी घसा लागतो आणि तोच जागेवर नव्हता. त्यांनी घास परत वाडग्यात ठेवला. अकुआ वाडगा घेऊन गेली. थोड्या वेळाने कानात ओसेइ बोलला.

"जेवले?"

"नाही. भूक नाही म्हणतात."

"आजच भूक नसायला काय झालं त्यांना? त्यांना तर काही माहीतसुद्धा नाही."

तोवर आळीत बातमी पसरली होती आणि बातमीबरोबर अटही पसरली होती. आफियाबाई गेल्या, मामांना अजून सांगितलेलं नाही, जेवले की सांगायचं. आळीतली माणसं भली. प्रत्येक घराने आपापल्या परीने हातभार लावायचं ठरवलं. समोरच्या घरातून तिखट भात आला. शिंप्याची बायको उकडलेला कंद आणि पाल्याचं कालवण घेऊन आली. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या बाईने केळी तळून आणली. सगळ्यांनी वाडगे डार्को यांच्यापुढे ओळीने मांडले आणि समोर बसून ते काय करतात ते बघत राहिले.

"आज काय आहे?" डार्को यांनी विचारलं.

"काही नाही, सहज," शिंप्याची बायको म्हणाली आणि तिने डोळे पुसले. "कांदा चिरत होते."

"सहज एवढं?"

"तुम्ही खा हो. खाणाऱ्याने विचारू नये."

त्यांना तिला सांगावंसं वाटलं, की बाई, तू पदराने डोळे पुसतेस, मला तेवढीही परवानगी नाही. पण ते तळलेल्या केळ्याचा तुकडा हातात धरून बसले आणि ती गेल्यावर त्यांनी तो कुत्र्याला टाकला. कुत्रं त्या दिवशी फार चांगलं जेवलं.

मामा जेवत नाहीत म्हटल्यावर ओसेइने निवृत्त नर्स पेशन्स हिला बोलावून आणलं. तिने दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा पाहिला, पुन्हा फुगवला. डार्को यांना ती म्हणाली, "छान आहे." मग अंगण ओलांडून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे जे बोलली ते असं होतं.

"प्रेशर चढलंय. इतकं चढलेलं असताना असली बातमी द्यायची म्हणजे सरळ दोन खड्डे खणा."

"पण चढलं कशाने?" ओसेइने विचारलं. "सकाळी तर नाचत होते."

"नाचण्याने चढलं असेल. या वयात कुणी नाचतं का? आता उतरेपर्यंत सांगायचं नाही."

"आणि न सांगताच चढत राहिलं तर?"

"मग उद्या."

उद्या हा शब्द डार्को यांना दोन्ही कानांत ऐकू आला. त्यांनी डोळे मिटून प्रेशर उतरवायचा प्रयत्न केला. ते कसं उतरवतात हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी यंत्रं काढून मांडीवर ठेवली. जग लांब गेलं. त्या शांततेत आफिया ओरडेल असं वाटलं, कारण यंत्र नसताना त्यांना स्पष्ट ऐकू येणारा आवाज तेवढा एकच होता. ती ओरडली नाही. त्यांनी यंत्रं परत कानांत घातली. जर्मन बाई बोलली. आज त्यांनी तिला काहीच विचारलं नाही.

एवढ्यात नाना बेडियाको आले. कुळाचे वडील समोरच्या दाराने आले तर मामा त्यांचा काळा पोशाख बघूनच समजतील, म्हणून ओसेइने त्यांना आणि बरोबरच्या दोन थोरल्यांना मागच्या फाटकाने आणलं आणि स्वयंपाकघरात बसवलं. चूल पेटलेली, वर पत्रा, खाली बुटकी स्टुलं. त्यावर काळी वस्त्रं खांद्यावर टाकलेली तीन म्हातारी माणसं घामाने निथळत बसली.

"जेवला का क्वाबेना?" नानांनी विचारलं.

"नाही, नाना."

"मग हे वाडगं कसलं?"

"त्यांचंच. त्यांनी हात लावून सोडलंय."

"इकडे दे. बातमी सांगितल्यावर या घरातली चूल आम्हांलाही बंद. आणि रिकाम्या पोटी मला शब्द सुचत नाहीत."

अकुआ वाढायला वाकली. फोन खिशात पुढे आला, आणि पुढचा बराच वेळ डार्को यांनी आपल्या कुलप्रमुखांचं जेवण कानांनी ऐकलं. सूप ओढल्याचा आवाज आला. बोटं चाटल्याचा आला. मग कोंबडीची मान कडकन फुटली, ती तर डार्को यांना स्वतःच्या डोक्यात फुटल्यासारखी वाटली.

"फुफु बरं झालंय," नाना म्हणाले. "पण आफियाच्या हातचं याहून मऊ असायचं."

"नाना," दुसरे थोरले हळूच म्हणाले. "तिची मुलगी इथेच उभी आहे."

खाणं थांबलं.

"हो," नाना म्हणाले. "चुकलं माझं. अकुआ, बाई, तू धीराची आहेस. एकदा तुझ्या मामांना सांगितलं, की मग तू पोटभर रड. आधी थोरल्याने, मग धाकट्याने. तू आत्ता सुरुवात केलीस तर भिंतीपलीकडे ऐकू जाईल आणि सगळंच बिघडेल."

"हो, नाना."

"वाडगं संपलं बघ. मामांसाठी आता काय?"

"पुन्हा कुटते."

डार्को ओट्यावर ताठ बसले. सकाळपासून ते एकाच गोष्टीची वाट पाहत होते, की ही मंडळी कधी एकदा येतात आणि मला रडू देतात. ही वाट पाहणाऱ्यांत आपण एकटे नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

अकुआ उखळ घेऊन स्वयंपाकघराच्या मागे गेली. तिथे ती एकटीच होती. कांडण सुरू झालं. एका हाताने मुसळ, दुसऱ्या हाताने गोळा फिरवायचा. प्रत्येक घाव फोनने उचलला आणि डार्को यांच्या कानात घातला. गिरणीतसुद्धा त्यांना इतकं सोसावं लागलं नव्हतं. त्यांनी यंत्रं काढायला हात वर नेला, तेव्हा दोन घावांच्या मध्ये त्यांना दुसरं काहीतरी ऐकू आलं.

ती घावाबरोबर हुंदका सोडत होती. मुसळ खाली आलं की हुंदका, वर गेलं की गप्प. अंगणात, भिंतीपलीकडे, कुणालाच कुटण्याखेरीज काही ऐकू आलं नसतं. ती हे फार व्यवस्थित करत होती. मग घाव थांबले आणि तिचा आवाज आला, बोलता बोलता नाक ओढणारा.

"आई, जरा थांब हं. मामांचं जेवण होऊ दे. मग येतेच तुझ्याकडे."

डार्को यांचा हात कानाजवळच राहिला. तो त्यांनी खाली घेतला, मांडीवर पुसला आणि खुर्चीतून अंगणात हाक मारली.

"अकुआ, झालं का गं फुफु? पोटात कावळे ओरडायला लागलेत."

ती पळतच आली. वाडगा समोर ठेवून उकिडवी बसली. डार्को यांनी हात धुतले आणि पहिला घास घशाशी नेला. तो तिथेच अडला. त्यांनी वर सूप घेतलं आणि तो खाली ढकलला. दुसरा ढकलला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मिरची जास्त झाली का?" अकुआने विचारलं.

"जास्त झाली. चांगली आहे. सूप वाढ."

तिने वाढलं. त्यांनी पूर्ण गोळा संपवला, कोंबडी संपवली, वाडगा बोटाने पुसून घेतला आणि तृप्तीची ढेकरसुद्धा दिली. ती खोटी होती, पण चांगली जमली.

"जेवले," अकुआ स्वयंपाकघरात सांगत होती.

"सगळं?"

"वाडगा पुसून."

"मी म्हणत होतो ना, घाई करू नका," नाना म्हणाले. "प्रेशरही उतरलं असेल. चला, उठा. ओसेइ, मागच्या फाटकाने बाहेर, गल्लीतून वळसा, आणि समोरच्या दाराने आत."

वळसा घालायला त्यांना बराच वेळ लागला, कारण वाटेत आळीतली माणसं भेटत होती. शेवटी ते समोरच्या दाराने प्रवाशासारखे दमून आत आले. नानांच्या काळ्या वस्त्रावर टोमॅटोच्या सुपाचा डाग होता.

"नाना, अचानक?" डार्को उठून उभे राहिले.

"सहज इकडे आलो होतो."

खुर्च्या मांडल्या गेल्या. हातात हात दिले गेले. अकुआ तबकात पाणी घेऊन आली. आधी नानांना, मग दोघा थोरल्यांना, मग मामांना. डार्को यांनी पेला घेतला, पूर्वजांच्या नावाने थोडं पाणी जमिनीवर ओतलं, बाकीचं प्यायले. आता विचारायचं त्यांच्याकडे होतं. सकाळपासून जे विचारायला ते उतावीळ होते, तेच विचारायला त्यांना जड गेलं.

"इथे सगळं ठीक आहे," ते रीतीप्रमाणे म्हणाले. "आपण कशासाठी पाय वळवलेत?"

नानांनी घसा साफ केला. "क्वाबेना, तुझी बहीण शुक्रवारी म्हणाली, डोकं जड वाटतंय."

अकुआ मामांच्या खुर्चीला लागूनच उभी होती. नानांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द डार्को यांना एकदा समोरून ऐकू येत होता आणि निमिषभराने पुन्हा तिच्या एप्रनच्या खिशातून. डोकं जड वाटतंय. जड वाटतंय. शनिवारी तिने काढा घेतला. काढा घेतला. अंगणात बसली. बसली. डार्को मान हलवत होते. त्यांना पुढचं सगळं पाठ होतं. आपल्याला आता फक्त योग्य जागी रडायला सुरुवात करायची आहे, असं ते स्वतःला बजावत होते.

"आम्ही करता येईल ते सगळं केलं," नाना म्हणाले, "पण आफिया आपल्याला सोडून गेली."

गेली, असं खिसा म्हणाला.

डार्को यांनी ठरवलेलं काही राहिलं नाही. ते खुर्चीतून खाली आले आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून ओसेइने दाराची चौकट धरली. अकुआ त्यांच्या अंगावर कोसळली. तिचं रडणं त्यांना दोनदा ऐकू येत होतं आणि त्यांनी दोन्ही ऐकलं. भिंतीपलीकडे आळीतल्या बाया कधीपासून कंबर बांधून उभ्या होत्या, त्यांनी तिथूनच टाहो फोडला.

ऊन उतरल्यावर थोरली मंडळी झाडाखाली बसली होती. डार्को ओट्यावर भिंतीला टेकून होते. पोटात फुफुचा दगड होता. आजपासून त्यांचा उपास, आणि इतकं पोट भरून त्यांनी आयुष्यात कधी उपास सुरू केला नव्हता.

"पाहिलंत?" नाना झाडाखाली सांगत होते. "रीतीने सांगितलं की माणूस पेलतो. हेच त्याला त्या फोनबिनवरून कळलं असतं, तर आज जागच्या जागी आडवा झाला असता."

"खरं आहे," नर्स पेशन्स म्हणाली.

सेर्वाला जर्मनीत कळवायला हवं होतं. अकुआने पदराची गाठ सोडून सिम काढलं आणि खिशातून फोन बाहेर घेतला. काचेवर कानाचं चित्र हिरवं होतं. सकाळी प्रवचनाआधी तिनेच ते दाबलं होतं. मग तिने स्वयंपाकघराच्या मागे ठेवलेल्या उखळाकडे पाहिलं.

ती ओट्यावर येऊन मामांच्या शेजारी बसली. फोन दोघांच्या मध्ये ठेवला.

"मामा," तिने हळूच विचारलं, "तुम्हांला कधी कळलं?"

डार्को यांनी फोनकडे पाहिलं, झाडाखाली बसलेल्या नानांकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडे.

"आत्ताच की," ते म्हणाले. "तू पाणी दिलंस तेव्हा."